डीएनए अहवालानंतर आरएनए तपासणी कशासाठी?

आपल्या डीएनए अहवालात ‘स्प्लायसिंगवर परिणाम होण्याची शक्यता, महत्त्व अनिश्चित’ असा शेरा असेल, तर डॉक्टर आरएनए तपासणी सुचवतात. त्यामागचे कारण येथे मांडले आहे.

पेशीत जनुकाची आधी पूर्ण आरएनए-प्रत तयार होते. मग तिच्यातील इंट्रॉन (मधले अनावश्यक तुकडे) कापून टाकले जातात आणि उरलेले एक्झॉन (अंतिम प्रतीत राहणारे तुकडे) एकमेकांना जोडले जातात. यालाच स्प्लायसिंग म्हणतात. कोणता एक्झॉन ठेवायचा हे पेशीगणिक बदलू शकते. म्हणूनच एकाच जनुकापासून थायरॉइडमध्ये कॅल्सिटोनिन हे संप्रेरक, तर चेतापेशींत सीजीआरपी हे निराळेच पेप्टाइड (लहान प्रथिन) तयार होते. मात्र एसएमएन-२ जनुकात सातव्या एक्झॉनमधील एका अक्षराच्या फरकामुळे तो एक्झॉन बहुतेक प्रतींतून गळतो. त्यामुळे ज्या बालकात एसएमएन-१ हे त्याचे जवळजवळ हुबेहूब जोडीदार जनुक निकामी असते, तेथे त्या जनुकाची उणीव एसएमएन-२ पुरेशी भरून काढू शकत नाही आणि स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी हा स्नायू क्षीण करणारा आजार होतो. अमेरिकेत २०१६ मध्ये मान्यता मिळालेले न्युसिनरसेन हे औषध नेमका तोच एक्झॉन प्रतीत टिकवून धरते. मूळ जनुकाला हात न लावता उपचार होऊ शकतो, ही बाब आम्हाला फार आश्वासक वाटते. भारतात बीटा-थॅलेसेमिया या रक्तविकाराचे सर्वाधिक आढळणारे कारण असलेला, बीटा-ग्लोबिन जनुकातील आयव्हीएस १-५ हा बदलदेखील स्प्लायसिंगच बिघडवतो.

प्रत बिनचूक झाली तरी ती किती काळ टिकते, यावर प्रथिनाचे प्रमाण अवलंबून असते. सी-फॉस जनुकाची प्रत काही मिनिटांत नष्ट होते. हिमोग्लोबिनमधील ग्लोबिन या प्रथिनाची प्रत मात्र इतकी टिकाऊ असते की कोवळ्या लाल पेशी केंद्रक गमावल्यानंतरही हिमोग्लोबिन बनवत राहतात. याउलट, चुकीच्या जोडणीमुळे ज्या प्रतीत मध्येच थांबण्याचा संकेत येतो, ती प्रत पेशी सहसा स्वतःच नष्ट करते. त्यामुळे नमुन्यात सदोष प्रत दिसली नाही, एवढ्यावरून आम्ही दोष नसल्याचा निष्कर्ष काढत नाही. आवश्यक तेथे रक्तातील पेशी प्रयोगशाळेत वाढवून, ही विल्हेवाट औषधाने काही तास रोखून पुन्हा तपासणी करतो.

रक्त काढल्यावरही आरएनएचे विघटन सुरूच राहते. म्हणून नमुना आम्ही पुरवलेल्या, आरएनए टिकवणारे द्रव असलेल्या नळीतच घ्यावा. पेशी वाढवायच्या असल्यास ताज्या रक्ताची दुसरी नळी लागते. एखादे जनुक केवळ दृष्टिपटलात कार्यरत असेल, तर रक्तावरून त्याचे उत्तर मिळत नाही; तसे असल्यास आम्ही ते शुल्क स्वीकारण्यापूर्वीच आपणास व आपल्या डॉक्टरांना कळवतो.