प्रवाळ बेटावरील गुहा: लाटांनी कोरलेली आणि आतून विरघळलेली

घारापुरी आणि कान्हेरी पाहत वाढलेल्या ठाणे-नवी मुंबईकरांच्या मनात गुहेची कल्पना लेण्यांवरून घडलेली असते: आधी दर्शनी भाग, मग आत खोदत नेलेले दालन. अंदमानला गेल्यावर किनाऱ्यावरची प्रत्येक पोकळी आपण त्याच नजरेने पाहतो आणि सारे श्रेय लाटांना देतो. प्रवाळांच्या चुनखडीत मात्र दोन निराळ्या प्रकारच्या गुहा शेजारी शेजारी असू शकतात.

लाटांची गुहा लेण्याप्रमाणेच तोंडापासून आत जाते. भरतीचे पाणी वाळू-गोट्यांसह कड्याचा पाया घासते, फटींत कोंडलेली हवा दाबाने खडक फोडते आणि शेवाळ खरवडणारे शंखवर्गी जीव दगडही थोडाथोडा खरवडत राहतात. म्हणून अशी गुहा तोंडाशी रुंद आणि आत निमुळती असते. शहीद द्वीपावरील, म्हणजे पूर्वीच्या नील बेटावरील, प्रसिद्ध नैसर्गिक कमान ही लाटांच्याच झिजेची. ती ओहोटीच्या वेळीच नीट पाहता येते.

विरघळलेल्या गुहेत पोकळी आधी तयार होते आणि तोंड शेवटी उघडते. बेटाच्या पोटात मुरलेले पावसाचे गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगते. ही दोन्ही पाणी चुन्याने संपृक्त असली, म्हणजे स्वतंत्रपणे आणखी खडक विरघळवू शकत नसली, तरी त्यांचे मिश्रण तो पुन्हा विरघळवू लागते. या विषयातली मला सर्वांत विलक्षण वाटणारी गोष्ट हीच. गोड्या पाण्याचा थर किनाऱ्याकडे निमुळता होत जातो आणि तिथेच ही क्रिया जोरात चालते, त्यामुळे पोकळी कड्याच्या अगदी मागे दडलेली असते. जॉन मायलरॉय आणि जेम्स कॅर्यू या भूशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये बहामा बेटांच्या अभ्यासातून ही उपपत्ती मांडली.

या गुहेच्या भिंती गुळगुळीत आणि गोलाईच्या असतात, वाटा मध्येच संपतात, आणि दोन दालनांमध्ये कधी कधी इतका पातळ पडदा उरतो की लाटांनी तो पहिल्याच तडाख्यांत फोडला असता.

कडा मागे सरला की पोकळीला तोंड फुटते आणि मग लाटाही आत शिरून जुन्या खुणा पुसू लागतात. त्यामुळे निर्णय दाराशी न करता आतल्या टोकाकडे आणि छताकडे पाहून करावा. उघड्या कड्यावर चुन्याचे घट्ट सुळके लोंबताना दिसले, तर ते बहुधा बंद, दमट गुहेत वाढलेले असतात आणि तिची बाहेरची भिंत समुद्राने नंतर नेलेली असते.