स्पेडेक्स

स्पेडेक्स : दोन उपग्रह कक्षेत एकमेकांना जोडण्याचा (डॉकिंगचा) भारतीय अंतराळ संशोधन संस्थेचा (इस्रो) प्रयोग. ३० डिसेंबर २०२४ रोजी श्रीहरिकोटा येथून पीएसएलव्ही-सी६० प्रक्षेपकाने एसडीएक्स०१ (पाठलाग करणारा) व एसडीएक्स०२ (लक्ष्य) हे प्रत्येकी सुमारे २२० किग्रॅ. वजनाचे उपग्रह सुमारे ४७५ किमी. उंचीच्या कक्षेत सोडले. दोनदा पुढे ढकलल्यानंतर १६ जानेवारी २०२५ रोजी जोडणी साधली, आणि हे साध्य करणारा भारत चौथा देश ठरल्याचे इस्रोने जाहीर केले. देशभर त्याचे मोठ्या अभिमानाने स्वागत झाले.

‘चौथा’ या क्रमांकाची गणना अमेरिका, रशिया व चीन या तिघांनंतर केली जाते. मात्र जोडणी कशाला म्हणावे यावर ती अवलंबून आहे. १६ मार्च १९६६ रोजी जेमिनी-८ यान अजेना या मानवरहित लक्ष्ययानाला जोडले गेले, ही पहिली जोडणी होय, याबद्दल दुमत नाही. पहिली स्वयंचलित जोडणी ३० ऑक्टोबर १९६७ रोजी सोव्हिएत कॉसमॉस-१८६ व १८८ यांची मानतात. परंतु तिच्यात यांत्रिक पकड बसली तरी विद्युत जोडणी पूर्ण झाली नव्हती, त्यामुळे काटेकोर अर्थाने ती अपुरी होती. चीनने २०११ मध्ये शनचौ-८ हे यान थ्यॅनकुंग-१ या अंतराळ प्रयोगशाळेला जोडले.

खरी अडचण जपानची आहे. १९९७ च्या नोव्हेंबरात सोडलेल्या ईटीएस-७ उपग्रहाचे हिकोबोशी व ओरिहिमे हे दोन भाग ७ जुलै १९९८ रोजी विलग होऊन पुन्हा आपोआप जोडले गेले. (ही नावे श्रवण व अभिजित या ताऱ्यांची असून जपानी कथेत त्या प्रेमिकांची भेट वर्षातून याच दिवशी होते.) त्या वेळचे अंतर जेमतेम २ मी. होते, हा आक्षेप घेता येतो. पण दोन्ही भाग एकत्रच सोडले होते हा आक्षेप टिकत नाही, कारण स्पेडेक्सचे उपग्रहही एकाच प्रक्षेपकाने गेले. युरोपीय अवकाश संस्थेचे झ्यूल व्हर्न यान ३ एप्रिल २००८ रोजी आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाला स्वयंचलितपणे जोडले गेले. ती संस्था अनेक देशांची असल्याने ‘देश’ या गणनेत ती बसत नाही. जपानी एचटीव्ही मालवाहू याने मात्र स्थानकाच्या यांत्रिक हाताने पकडून लावली जात, म्हणून त्यांना डॉकिंग म्हणत नाहीत. हे सारे पाहता ‘चौथा’ हा मान सशर्त समजणे अधिक योग्य दिसते.

यंत्रणेच्या रचनेबाबत अशी शंका नाही. स्पेडेक्सची ४५० मिमी. व्यासाची जोडणी-यंत्रणा दोन्ही उपग्रहांवर एकसारखीच आहे, म्हणजे तिच्यात नर-मादी भेद नाही. सेकंदाला सुमारे १० मिमी. इतक्या मंद गतीने उपग्रह एकमेकांना टेकतात. आंतरराष्ट्रीय मानकाच्या सुमारे ८०० मिमी. यंत्रणेत २४ मोटारी लागतात, तर येथे दोनच पुरतात. इतक्या हलक्या उपग्रहांवर हे साधणे ही अभियंत्यांची खरी कमाई होय. चांद्रयान-४ आणि नियोजित भारतीय अंतराळ स्थानक यांना हेच तंत्र लागणार आहे.

१३ मार्च २०२५ रोजी उपग्रह विलग करून २० एप्रिलला पुन्हा जोडण्यात आले. पहिल्या खेपेस ३ मी. अंतरावर नियंत्रकांनी मुद्दाम जादा थांबा घेतला होता. दुसऱ्या खेपेस १५ मी. पासूनची वाटचाल पूर्णतः स्वयंचलित झाली. त्यानंतर एका उपग्रहाच्या विजेवर दुसऱ्यातील तापक सुमारे चार मिनिटे चालविण्यात आला.