डाळमिलच्या संगणकाला 25 किलोची पिशवी कळते का?

18 जुलै 2022 रोजी जळगावच्या एमआयडीसीतल्या डाळमिलांचं बिल करण्याचं गणितच बदललं. त्याआधी तूरडाळीवर जीएसटी लागणार की नाही, हे ब्रँडवरून ठरायचं. त्या दिवसापासून ते पॅकिंगवरून ठरू लागलं. आधीच भरून लेबल लावलेली 25 किलोपर्यंतची पिशवी असेल तर 5 टक्के, 30 किलोचा कट्टा असेल तर काहीच नाही. आदल्या रात्रीपर्यंत बिनचूक चालणारं बिलिंग सॉफ्टवेअर सकाळी चुकीचं ठरलं, आणि त्यातली एक ओळही कुणी बदललेली नव्हती.

मिलचा रोलर घासतो, पट्टा सैल पडतो. सॉफ्टवेअर झिजत नाही. बदलतो तो त्याच्या भोवतीचा धंदा आणि कायदा. वापरातला प्रोग्रॅम सतत जुळवून घेत राहिला नाही, तर तो दिवसेंदिवस निरुपयोगी होत जातो, असा नियम संगणकशास्त्रज्ञ मेयर लेहमन यांनी 1974 मध्येच मांडला होता. पुढे 1980 मध्ये लिएन्त्झ आणि स्वॉन्सन या अभ्यासकांनी 487 संस्थांची पाहणी प्रसिद्ध केली. देखभालीच्या कामात निव्वळ चुका दुरुस्त करण्याचा वाटा जेमतेम पाचवा हिस्सा निघाला. सर्वांत जास्त कष्ट वापरणाऱ्यांनी मागितलेल्या सुधारणांवर खर्ची पडत होते. ‘सॉफ्टवेअर चांगलं आहे ना, मग दरवर्षी एएमसीचे, म्हणजे वार्षिक देखभाल कराराचे, पैसे कशाचे?’ असं विचारणाऱ्या शेठजींना मी हाच आकडा दाखवीन.

आता तो 25 किलोचा बदल करायचा कसा? घाईतला प्रोग्रॅमर एक अट टाकतो: वजन 25 पेक्षा जास्त असेल तर कर शून्य. मग 10-10 किलोच्या दहा पिशव्या एकाच मोठ्या पोत्यात शिवून पाठवल्या, की संगणक 100 किलो वाचतो आणि कर सोडून देतो. नियमानुसार मात्र आतली प्रत्येक पिशवी स्वतंत्र धरायची, म्हणजे कर लागतो. म्हणून चाचणीसाठी मुद्दाम अडचणीची बिलं तयार करतात: बरोबर 25 किलो, 25 ला थोडं जास्त, पोत्यात पोतं. चुका अशा काठावरच दडलेल्या असतात.

दुसरी गोची तारखेची. जुना दर खोडून त्याजागी नवा लिहिला, तर जूनमध्ये विकलेला माल ऑगस्टमध्ये परत आल्यावर क्रेडिट नोट (परत आलेल्या मालाची रक्कम वजा करणारा कागद) नव्या दराने निघते आणि विवरणपत्र जुळत नाही. दरासोबत तो कधीपासून कधीपर्यंत लागू, हे साठवावं लागतं. साधी गोष्ट, पण सुरुवातीला कुणी केलेली नसली तर नंतर फार महागात पडते.

हे बदल कुणी, कधी, कुणाच्या सांगण्यावरून केले, हे पाहणं म्हणजे सिस्टीम ऑडिट. ते ताळेबंदाच्या ऑडिटपेक्षा वेगळं. 1973 मध्ये अमेरिकेत इक्विटी फंडिंग कंपनीचा घोटाळा उघडकीला आला, तेव्हा संगणकात हजारो बनावट विमा पॉलिसी निघाल्या. संगणकातून छापून आलेला कागद खरा असतोच असं नाही, हे हिशेब तपासणाऱ्यांना त्या प्रकरणाने चांगलंच शिकवलं. आपल्याकडे 1 एप्रिल 2023 पासून कंपन्यांना असंच हिशेबाचं सॉफ्टवेअर वापरावं लागतं, ज्यात प्रत्येक फेरफाराची तारखेसह नोंद राहते आणि ती नोंद बंद करता येत नाही. भागीदारीतल्या मिलला ही सक्ती लागू नाही, पण म्हणून ती नोंद बंद ठेवणं मला शहाणपणाचं वाटत नाही. आणि चालू ठेवूनही मुनीमापासून मालकाच्या मुलापर्यंत सगळे एकाच ‘अॅडमिन’ पासवर्डने आत येत असतील, तर त्या नोंदीत नाव कुणाचं सापडणार?

बॅकअपचंही तेच. पेनड्राइव्ह त्याच टेबलाच्या खणात असतो, आणि त्यातून डेटा परत उभा करून पाहिलेला नसतो. ऑडिटर ‘बॅकअप आहे का?’ एवढ्यावर थांबत नाही, दुसऱ्या संगणकावर तो चढवून दाखवायला सांगतो.

डाळमिलमध्ये एक तपासणी मात्र निसर्गच करू देतो. शंभर किलो तुरीतून साधारण 70 ते 75 किलो डाळ निघते, उरलेलं चुनी (डाळीचा बारीक चुरा) आणि टरफलात जातं. तेल-पाणी लावून वाळवताना ओलावाही कमी-जास्त होतो, म्हणून थोडा फरक गृहीत धरतात. संगणकातली आवक एका बाजूला, डाळ, चुनी, टरफल आणि शिल्लक दुसऱ्या बाजूला, असा महिन्यावार मेळ घातला की गडबड असलेला महिना लगेच उठून दिसतो. एखाद्या महिन्यात डाळ 80 किलोच्या वर दिसली, तर मिल अचानक सुधारली असं कुणी मानत नाही. आवकेच्या काही पावत्या चढवायच्या राहिल्या असाव्यात, नाहीतर डाळीचे कट्टे दोनदा नोंदले गेले असावेत. त्यासाठी वजनकाट्याच्या पावत्यांचे अनुक्रमांक संगणकातल्या नोंदींशी एकेक करून लावून पाहतात, आणि मधला कुठला क्रमांक गायब आहे ते शोधतात.