नागरी भूदृश्याचे पुनरुज्जीवन

शहरातील ओढे, तळी, नदीकाठ, जुन्या बागा आणि पडीक जागा यांतील माती, पाणी व वनस्पती यांचे तुटलेले नाते पुन्हा जुळवून तेथे स्थानिक जीवसृष्टीला आसरा आणि रहिवाशांना वावरण्यास जागा मिळवून देणे, म्हणजे नागरी भूदृश्याचे पुनरुज्जीवन होय. फरसबंदी, कारंजी व शोभेची झाडे यांनी होणारे सुशोभीकरण यात मोडत नाही. संयुक्त राष्ट्रसंघाने २०२१ ते २०३० हे परिसंस्था पुनर्स्थापनेचे दशक म्हणून जाहीर केले असून त्यात शहरांचाही विचार केलेला आहे.

सांगलीत हे काम कृष्णेपासूनच सुरू करावे लागते. आयर्विन पुलापाशी नदीची इशारा पातळी ४० फूट व धोका पातळी ४५ फूट मानतात. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर चढले होते. पुराचे पाणी ज्या सखल भागांत पसरते, त्यांना येथे ‘ओत’ म्हणतात. ते भराव टाकून बुजवले, की पाणी वस्तीत शिरते आणि बेडूक, पाणकोंबडी, लव्हाळे यांचे घरही जाते. त्यामुळे ओत मोकळे ठेवणे हे येथील पुनरुज्जीवनाचे पहिले व सर्वांत अवघड काम ठरते. शेरी नाल्यातून नदीत मिसळणारे सांडपाणी रोखल्याखेरीज काठावरच्या लागवडीला फारसा अर्थ उरत नाही. काळ्या खणीसारख्या जलाशयाला चहूबाजूंनी उभी भिंत घालण्याऐवजी निदान एक काठ उतरता व मातीचा राखावा. उथळ पाण्यात पाणवनस्पती रुजतात आणि बगळ्यांना उभे राहता येते.

झाडांच्या निवडीत करंज, जांभूळ, वाळुंज व उंबर यांना अग्रक्रम द्यावा. उंबराचे फळ फोडले, तर आत चिलटाएवढे किडे दिसतात. त्यांच्या माद्यांवाचून उंबराचे परागीभवन होत नाही आणि उंबरावाचून त्यांना अंडी घालण्यास जागा नाही. पिकलेल्या फळांवर दिवसा तांबट व हरियाल, तर रात्री वटवाघळे येतात. इतकी वर्दळ गुलमोहरावर होत नाही.

आमराईसारख्या बागेत सकाळी फिरायला येणारी माणसे आणि झाडाच्या पारावर विसावणारी वृद्ध मंडळी हाही या भूदृश्याचाच भाग आहे. पार जरूर असावा, परंतु बुंध्याला भिडेपर्यंत सिमेंट ओतलेला नसावा; मुळांशी हातभर तरी उघडी माती हवी. काठावर पावसाळ्याच्या तोंडी लावलेली कोवळी रोपे पुराच्या गाळाखाली दबतात, म्हणून तेथील लागवड पूर ओसरल्यावर ओलीवर करावी आणि पुढचे दोन-तीन उन्हाळे पाणी घालण्याची जबाबदारी त्या-त्या गल्लीतील रहिवाशांनी आधीच वाटून घ्यावी.