सेव्हन्सचा वर्ल्ड कप वेगळा, वर्ल्ड सिरीज वेगळी: फिजी नक्की कशाची चॅम्पियन?

‘फिजीची सेव्हन्स टीम सात वेळा वर्ल्ड चॅम्पियन आहे’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की शेवटी लिहायलाच बसलो. सेव्हन्स म्हणजे एका टीमला सात खेळाडू असलेलं रग्बी. आम्ही काही जण रविवारी सकाळी बाणेरला टच रग्बी खेळतो, नंतर मिसळ, आणि मिसळीवर हा विषय हमखास निघतो. २०२५ मध्ये मुंबईत रग्बी प्रीमियर लीग झाली ती सेव्हन्सचीच, त्यामुळे आता पुण्यातही बरेच लोक हा खेळ बघायला लागलेत, मला त्याचा मनापासून आनंद आहे. पण सोबत हा घोळही वाढलाय.

सात कुठून आले ते बघा. फिजीने सेव्हन्सचा वर्ल्ड कप तीनदा जिंकलाय, १९९७, २००५ आणि २०२२. आणि वर्ल्ड सिरीज चारदा, २००५-०६, २०१४-१५, २०१५-१६ आणि २०१८-१९. तीन अधिक चार, झाले सात. पण ही बेरीज करताच येत नाही, या दोन पूर्ण वेगळ्या स्पर्धा आहेत आणि जिंकायची पद्धतही वेगळी आहे.

वर्ल्ड कपवर फार वेळ घालवत नाही, आपण क्रिकेटवर वाढलोय, वर्ल्ड कप म्हणजे काय ते आपल्याला कळतं. चार वर्षांनी एकदा (मध्ये एकदा पाच वर्षांचं अंतर पडलं), एकाच ठिकाणी, तीनेक दिवसांत सगळं उरकायचं. पहिला १९९३ ला एडिनबरात झाला, इंग्लंड जिंकलं. कपचं नाव मेलरोझ कप, कारण सेव्हन्स जन्मलं ते स्कॉटलंडमधल्या मेलरोझ गावात, १८८३ साली. बास, पुढे.

आता सिरीज. मराठीत आपण नेमके इथेच अडकतो असं माझं ठाम मत आहे, आणि त्याला कारण हा शब्दच आहे. आपल्या डोक्यात सिरीज किंवा मालिका म्हणजे इंग्लंडचा संघ भारतात आला, पाच मॅच खेळला, ३-१ ने हरून गेला. दोन टीम, आणि त्यांच्यातला हिशोब. त्यामुळे ‘फिजीने जागतिक मालिका जिंकली’ असं छापून आलं की वाचणारा विचारतो, कोणाविरुद्ध? मला हा प्रश्न खरंच विचारलेला आहे, तोही खेळातल्या जाणकार माणसाने. ‘कोणाविरुद्ध’ याला उत्तरच नाही, कारण सिरीज म्हणजे अख्खा हंगाम. दुबई, हाँगकाँग, लंडन, सिंगापूर अशा शहरांत एकेक वीकेंडची स्पर्धा व्हायची, तिला लेग म्हणतात, प्रत्येक लेगला टीम कितवी आली त्यावर पॉइंट मिळायचे आणि वर्षाअखेरीस ज्याची टोटल जास्त तो चॅम्पियन. फॉर्म्युला वन बघणाऱ्यांना हे एका वाक्यात कळतं, रेस जिंकणं वेगळं आणि वर्षाची चॅम्पियनशिप वेगळी. १९९९-२००० पासून २०२२-२३ पर्यंत हे असंच चाललं. पहिले सहा हंगाम ओळीने न्यूझीलंडने घेतले, ती साखळी २००५-०६ ला फिजीने तोडली तेव्हा वायसाले सेरेवी खेळाडू आणि कोच दोन्ही होता. म्हणून माझी कळकळीची विनंती आहे की मराठीत लिहिताना मालिका लिहूच नका, ‘सेव्हन्सचा हंगाम’ लिहा, अर्धा गोंधळ तिथेच संपतो.

उरलेला अर्धा घालवायला २०२२ चं वर्ष पुरेसं आहे. मी त्या हंगामाचे पॉइंट वहीत लिहून ठेवत होतो, ती वही अजून आहे माझ्याकडे. त्या हंगामात नऊ लेग झाल्या, पण कोविडच्या निर्बंधांमुळे सगळ्या टीम सगळीकडे पोचू शकल्या नाहीत म्हणून प्रत्येकाच्या सर्वांत चांगल्या सातच धरायच्या ठरल्या. पहिल्याला २२ पॉइंट, दुसऱ्याला १९, तिसऱ्याला १७, असं खाली. साऊथ आफ्रिकेने सुरुवातीच्या चारही लेग जिंकल्या, चार गुणिले २२, ८८ पॉइंट. वहीत त्यांच्या नावापुढे मी तेव्हाच चॅम्पियन लिहून टाकलं असतं. आणि मग पुढच्या पाच लेगमध्ये ते एकदाही फायनलला पोचले नाहीत! त्यातल्या चांगल्या तीन धरून फक्त ३६ पॉइंट आले, टोटल १२४. ऑस्ट्रेलियाने अख्ख्या हंगामात एकच लेग जिंकली, लंडनची, पण सात लेगचे त्यांचे १२६ झाले. सरासरी काढा, लेगला १८, म्हणजे दुसरा नंबर आणि तिसरा नंबर यांच्या बरोब्बर मधे. चार विजेतेपदं असलेली टीम दोन पॉइंटने मागे आणि एक विजेतेपद असलेली टीम चॅम्पियन. सिरीज हेच मोजते, कोण वर्षभर घसरलं नाही ते.

हे ठरलं ऑगस्टच्या शेवटी लॉस एंजेलिसला. त्यानंतर दोनच आठवड्यांनी केपटाउनला वर्ल्ड कप. तिथे २४ टीम आणि पहिल्या मॅचपासून नॉकआउट, ग्रुप वगैरे नाहीच, एकदा हरलात की मेलरोझ कप गेला. फिजीने सेमीफायनलला त्याच ऑस्ट्रेलियाला हरवलं, फायनलला न्यूझीलंडला २९-१२. वरच्या सीडिंगमुळे त्यांना एकूण खेळाव्या लागल्या चार मॅच, सेव्हन्सची मॅच १४ मिनिटांची, म्हणजे ५६ मिनिटांत वर्ल्ड कप. ऑस्ट्रेलियाला ब्राँझपण मिळालं नाही, ते आयर्लंडने नेलं. यजमान साऊथ आफ्रिका क्वार्टरफायनललाच बाहेर, त्यांनाही आयर्लंडनेच काढलं. आणि हीच साऊथ आफ्रिका ३१ जुलैला बर्मिंगहॅम कॉमनवेल्थमध्ये (रग्बी झालं कोव्हेंट्रीला) फिजीला हरवून गोल्ड घेऊन बसलेली होती. सहा आठवड्यांत तीन मोठी टायटल आणि तीन वेगळे मालक. आता सांगा ‘२०२२ चा वर्ल्ड चॅम्पियन’ या प्रश्नाला एक उत्तर कसं असेल?

हा प्रश्न शहरातल्या एका क्विझमध्ये जसाच्या तसा आला होता. मी फिजी लिहिलं, आयोजकांच्या आन्सर कीमध्ये ऑस्ट्रेलिया होतं, मी उठून सांगायला गेलो तर ‘आन्सर की फायनल आहे’ म्हणून बसवलं. गेलेल्या मार्काचं नाही वाईट वाटलं, पण हॉलमधली शंभरेक पोरं ते उत्तर घेऊन घरी गेली याचं अजून वाटतं. प्रश्न महिलांचा असता तर ऑस्ट्रेलिया बरोबरच होतं, कारण त्यांच्या महिला टीमने त्या वर्षी सिरीज, कॉमनवेल्थ आणि वर्ल्ड कप तिन्ही नेलं, वर्ल्ड कपच्या फायनलला न्यूझीलंडवर २४-२२, दोन पॉइंटने. पण महिला की पुरुष तेही प्रश्नात नव्हतं.

कोणी म्हणेल २०२२ अपवाद. मग २००९ घ्या. दुबईच्या वर्ल्ड कपला फिजी, न्यूझीलंड, साऊथ आफ्रिका, इंग्लंड चौघेही क्वार्टरफायनलला हरले, फिजीला तर केनियाने काढलं, आणि कप नेला वेल्सने. त्या हंगामाची सिरीज मात्र साऊथ आफ्रिकेची. पुढच्या हंगामाची सामोआने घेतली, ज्यांनी वर्ल्ड कप कधीच जिंकलेला नाही. मला विचाराल तर जगात सर्वांत चांगली टीम कोणती हे सिरीजच सांगते. चौदा मिनिटांच्या खेळात एक चेंडू हातून निसटला तर सावरायला वेळ नसतो, त्यामुळे वर्ल्ड कपला नशिबाचा वाटा मोठा. बघायला वर्ल्ड कप जास्त थरारक, हे मान्यच.

एक लेग जिंकली म्हणजे सिरीज जिंकली, ही त्यातलीच छोटी चूक. हाँगकाँगबाबत ती जास्त होते कारण तिथली स्पर्धा १९७६ पासूनची, सिरीजपेक्षाही जुनी आणि फार मानाची, वर १९९७ आणि २००५ चे वर्ल्ड कपही हाँगकाँगलाच झाले आणि दोन्ही फिजीनेच जिंकले. त्यामुळे ‘फिजी हाँगकाँगला जिंकलं’ असं दिसलं की आधी साल बघा. आणि वर्ल्ड कपच्या मॅचचे पॉइंट सिरीजमध्ये धरत नसत.

२०२३-२४ पासून मात्र खरंच गुंता वाढवून ठेवलाय आणि मला तो अजिबात पटलेला नाही. सिरीजचं नाव बदलून एसव्हीएनएस केलं, त्या पहिल्या हंगामात सात लेगच्या टोटलवर लीग विजेता ठरवला आणि वर माद्रिदला ग्रँड फायनल लावली. पुरुषांत टोटलमध्ये पहिली अर्जेंटिना. माद्रिदच्या फायनलला फ्रान्सने त्यांना १९-५ ने हरवलं आणि चॅम्पियन म्हणून नाव लागलं फ्रान्सचं. म्हणजे वर्षभर घसरू नका हे सांगणाऱ्या स्पर्धेलाच शेवटी वर्ल्ड कपसारखी एका वीकेंडची शेपटी जोडली. आयपीएलमध्ये टेबल टॉपर आणि ट्रॉफीवाला वेगळे असतात तसंच हे, फक्त आधीच्या हंगामांशी तुलना करताना लक्षात ठेवायला लागतं.

ऑलिम्पिक तिसरंच, त्यात कोणी फारसं चुकत नाही. २०१६ आणि टोकियोचं गोल्ड फिजी, पॅरिसला फ्रान्सकडून हरून सिल्व्हर. २०१६ चं ते फिजीचं पहिलंवहिलं ऑलिम्पिक मेडल, त्यासाठी त्यांनी चक्क सात डॉलरची नोट काढली. सात या आकड्याचं फिजीशी खरं नातं शोधायचं असेल तर ते त्या नोटेवर आहे.

आमच्या ग्रुपमधल्या पोरांसाठी मी वहीच्या मागच्या पानावर दोन रकाने आखलेत, वर्ल्ड कप आणि हंगाम. न्यूझीलंड, फिजी दोन्हीकडे. सामोआ फक्त उजवीकडे. वेल्स फक्त डावीकडे, एकदाच, २००९.