क्षारपड जमीन आणि किरणोत्साराने दूषित जमीन

अथणी, रायबाग, चिकोडी या कृष्णाकाठच्या तालुक्यांतील ऊसकरी शेतकऱ्याला क्षारपड जमीन सुधारणे म्हणजे काय, हे वेगळे सांगावे लागत नाही. कारवारजवळच्या कैगा अणुवीज केंद्राचा विषय निघाला की 'अपघात होऊन किरणोत्साराने जमीन दूषित झालीच तर तीही धुऊन काढता येईल' असे म्हटले जाते, ते याच अनुभवाच्या जोरावर. प्रत्यक्षात ही दोन कामे उलट्या दिशांची आहेत.

क्षारपड जमिनीतील क्षार पाण्यात विरघळतात, म्हणून गोडे पाणी देऊन ते मुळांच्या खाली उतरवायचे आणि चरांतून किंवा सच्छिद्र पाइपांतून बाहेर काढायचे. चोपण जमिनीत मातीच्या कणांना सोडियम चिकटलेले असते. तिथे आधी जिप्सम घालून त्याची जागा कॅल्शियमला द्यावी लागते.

अणुदुर्घटनेनंतर शेतजमिनीला दीर्घकाळ छळणारे मुख्य द्रव्य म्हणजे सीझियम-१३७ हे किरणोत्सारी मूलद्रव्य. रसायनशास्त्राच्या दृष्टीने तेही सोडियमच्याच कुळातले. परंतु चिकणमातीतील अभ्रकासारख्या खनिजांच्या पदरांत ते असे अडकते की पाण्याने सहसा सुटत नाही. न नांगरलेल्या रानात ते वरच्या काही सेंटिमीटरांतच राहते, आणि उपायाची भिस्त नेमकी यावरच असते. २०११ च्या अणुदुर्घटनेनंतर जपानमधील फुकुशिमा प्रांताच्या अनेक शेतांत साधारण ५ सेंटिमीटर माती खरवडून काढण्यात आली. त्याआधीच नांगर फिरवला, तर पृष्ठभागावरील किरणोत्सार कमी भरतो हे खरे, पण द्रव्य खोलवर मिसळते आणि मग खरवडायची माती कित्येक पटींनी वाढते.

शिवाय किरणोत्सार अणूच्या केंद्रकातून येत असल्याने कोणतेही खत, औषध वा भट्टी तो थांबवू शकत नाही. सीझियम-१३७ निम्मे होण्यास सुमारे ३० वर्षे लागतात. क्षाराचे पाणी ओढ्याला सोडून आपण मोकळे होतो (खालच्या शिवारवाल्याचे काय, हा प्रश्न आपण फारसा विचारत नाही). इथे काढलेली माती सांभाळावी लागते. फुकुशिमातील अशी सुमारे १.४ कोटी घनमीटर माती ओकुमा आणि फुताबा या गावांत तात्पुरती साठवलेली असून, २०४५ पर्यंत तिची अंतिम विल्हेवाट त्या प्रांताबाहेर लावण्याचे बंधन जपानी कायद्यात आहे.

पिकांना पालाश (पोटॅशियम) कमी पडले की ती त्याच्या जागी सीझियम उचलतात. म्हणून फुकुशिमाच्या भातशेतीत पालाशयुक्त खते मुद्दाम जादा दिली गेली. क्षारपड रानात मात्र आपल्याकडचे नेहमीचे पालाशयुक्त खत, म्युरेट ऑफ पोटॅश, हात राखूनच टाकावे लागते, कारण त्यातील क्लोराइडमुळे क्षारांत भरच पडते.