बँजोची पाचवी तार स्वीनीची? नाही हो

अमेरिकन बँजोची पाचवी, म्हणजे ती आखूड तार, अंगठ्याने छेडायची, जिची खुंटी दांड्याच्या मधेच असते, ती अमेरिकेतल्या व्हर्जिनियाच्या जोएल स्वीनी या वादकाने (१८१०-१८६०) शोधली असं लोक अजूनही ठोकून देतात. आपल्या गणपतीतला बटणवाला बेंजो वेगळा बरं का. तर साउथ कॅरोलिनातलं १७८५-९० च्या सुमाराचं एक वॉटरकलर चित्र आहे, गुलाम लोक नाचतायत, एकजण भोपळ्याचा बँजो वाजवतोय, तारा चार आणि त्यातली एक चक्क आखूड! स्वीनी तेव्हा जन्मलाही नव्हता. बँजो तो शिकला व्हर्जिनियातल्याच अ‍ॅपोमॅटॉक्सकडच्या काळ्या वादकांकडून, फिडलही (म्हणजे व्हायोलिन) वाजवायचा, काळ्या माणसाचं सोंग म्हणून तोंडाला काळं फासून स्टेजवर यायचा आणि १८४० च्या दशकात थेट इंग्लंडात जाऊन वाजवून आला. फार तर जाड सुराची एक तार त्याने जास्तीची लावली असेल, पण पक्का पुरावा त्याचाही नाही.